गवताचे पाय

दिवाळी उलटली, माळावरचं गवत पिवळं पडलं, की त्यातून चालून आलेल्या माणसाच्या धोतराच्या सोग्याला, पायजम्याला, मोज्यांना कुसळं चिकटलेली असतात. आपण ती वैतागून उपटतो आणि टाकून देतो. टाकण्याआधी त्यातलं एक तळहातावर ठेवून बघावं. खाली टोकदार सुई, सुईवर मागच्या अंगाला वळलेले बारीक केस आणि वर पीळ भरलेली लांब शेपटी. तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. क्षणभर काहीच होत नाही. मग पीळ उलगडू लागतो, कुसळ हातावर गिरकी घेतं, कूस बदलतं, सुईचं टोक कातडीला खुपायला लागतं. सुकलं की उलटं फिरून पुन्हा पीळ भरतं.

रानात हे काम दव करतं आणि ऊन करतं. रात्री उलगडायचं, दुपारी वळायचं आणि दर खेपेला सुई मातीत जराशी आत सरकायची. मागे वळलेले केस तिला बाहेर येऊ देत नाहीत. ही शेपटी केव्हाच मेलेली असते. झाड वाळून गेलेलं, रस आटलेला, तरी त्या वाळक्या काडीच्या घडणीतच पुढच्या पावसाची तजवीज करून ठेवलेली. पेरणारा माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून गवत याच पायांनी माळ ओलांडत आलेलं आहे. मला या काडीपुढे हात जोडावेसे वाटतात.

गहूसुद्धा मुळात असाच पायांचा होता. रानगव्हाच्या दाण्यांची एकेक जोडी आपल्या टरफलात बंद असते आणि तिच्या डोक्यावर दोन लांब कुसळं असतात. कोरड्या हवेत ती एकमेकांपासून फाकतात, दमट हवेत जवळ येतात. 2007 साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ही हालचाल मोजून दाखवली. पोहणाऱ्याचे पाय पाण्यात उघडमीट करतात तशी ती कुसळं रात्रंदिवस उघडमीट करतात आणि दाण्याला जमिनीत ढकलत नेतात. मात्र त्याआधी दाणा कणसातून सुटायला हवा. रानगव्हाचं कणीस पिकलं की त्याचा कणा सांध्यासांध्यावर आपोआप मोडतो. शेंड्यापासून सुरुवात होते. एकेक जोडी निखळते, खाली पडते आणि आपल्या वाटेला लागते. वारा आला, हरणाचा धक्का लागला, तर काम आणखी लवकर होतं. पिकण्याचा अर्थच तिथे सुटून जाणं असा होता.

हा गहू आजही उगवतो. युफ्रेटिस आणि टायग्रिस या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांतल्या डोंगरउतारांवर, सीरियात, जॉर्डन नदीच्या आसपास, ओकच्या विरळ झाडीत तो आपला आपण येतो. 1906 साली आरोन आरोनसोन या वनस्पतिशास्त्रज्ञाला गॅलिलीच्या भागात, रोश पिना या वस्तीपाशी, खडकाच्या फटीत त्याचं एक झाड सापडलं. आपल्या खपली गव्हाचा तो रानटी पूर्वज. सांगली-कोल्हापूरकडे आणि कर्नाटकाच्या सीमेवर ज्या गव्हाची खीर शिजते, जो कांडल्याशिवाय टरफल सोडत नाही, त्याचं मूळ घर इतक्या दूर, हिवाळी पावसाच्या मुलखात आहे.

माणूस या गवताच्या वाटेवर बसून असायचा. शेती येण्याच्या फार आधीपासून. 1989 साली गॅलिली सरोवराचं पाणी खूप खाली गेलं तेव्हा काठच्या चिखलातून एक जुनी वस्ती उघडी पडली. फांद्यांच्या झोपड्या, चुलीची राख, आणि तिच्यात रानसातू, रानगहू, बारीक गवतांचं बी. एका झोपडीत दगड, त्यावर हे दाणे चेचलेले. या सगळ्याला सुमारे 23,000 वर्षं झाली. म्हणजे दाण्याची चव माणसाला शेतीआधी दहा-बारा हजार वर्षं ठाऊक होती आणि तेवढा काळ तो कुणाच्या बांधात न अडकता ती चाखत होता.

1966 साली जॅक हार्लन नावाचा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्कस्तानातल्या कराजादाग डोंगरावर गेला. तिथे एकदाण्या रानगव्हाचे ताटवेच्या ताटवे उभे असतात. आधी त्यानं नुसत्या हातांनी कणसं ओरबाडली, हात सोलले, मग गारगोटीच्या पात्याचा विळा घेतला. तासाभरात त्याला किलोभर निर्मळ धान्य मिळालं. त्यानं हिशेब मांडला: अनुभवी माणसांचं एखादं कुटुंब, फारसे कष्ट न करता, तीनेक आठवड्यांत वर्षभराला पुरून उरेल एवढं धान्य गोळा करू शकेल. पीक पायथ्याशी आधी पिकतं, वरच्या उतारावर नंतर. त्याच्या मागे मागे वर चढत जायचं, एवढंच.

मला या हिशेबातली अडचण फार मोलाची वाटते. वर्षाचं धान्य तीन आठवड्यांत जमा झालं, आता ते न्यायचं कुठं? शिकारी माणसाचं बिऱ्हाड म्हणजे कातडी, भाला, काखेतलं मूल. पोत्यावारी दाणे पाठीवर घेऊन हरणांच्या मागे जाता येत नाही. ते टाकून जावं, तर उंदीर खातील. तेव्हा कुणीतरी म्हटलं असेल, राहू या इथंच, संपेपर्यंत. शाळेत आपण शिकलो की माणूस शेती करू लागला आणि मग स्थिर झाला. उत्खननातून क्रम बऱ्याच ठिकाणी उलटा निघतो. माणसं आधी थांबली, मग त्यांनी साठवलं, पेरणी सर्वांत शेवटी आली. मृत समुद्राजवळच्या धरा इथं सुमारे 11,300 वर्षांपूर्वीची कोठारं सापडली आहेत. त्यांची जमीन खालून उचललेली होती, ओल लागू नये, उंदीर शिरू नये म्हणून. त्यातलं सातू मात्र अजून रानातलंच होतं. कोठार शेताआधी बांधलं गेलं.

माणसं थांबलेली आणखी कुणी कुणी पाहिली. घरातला उंदीर त्याच भागात, सुमारे 15,000 वर्षांपूर्वी, माणसाच्या वस्तीत राहायला आला. त्याच्या दातांच्या आकारावरून हे ओळखता येतं. जिथे माणसं दीर्घ काळ एका जागी राहिली तिथे घरउंदीर वाढले आणि जिथे ती पुन्हा फिरू लागली तिथे रानउंदरांनी त्यांची जागा घेतली. चिमणीचंही तसंच. आपल्या घरच्या चिमणीची कवटी आणि पिष्ट पचवण्याची ताकद तिच्या रानातल्या भावंडांहून वेगळी आहे आणि तो बदल शेतीच्या उदयाच्या सुमाराचा असावा, असं अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून दिसतं. माणसाचं पहिलं गाव नुसतं माणसांचं कधीच नव्हतं. त्यात उंदीर होते, चिमण्या होत्या, दारापुढच्या उकिरड्यावर उगवलेलं तण होतं. राय हे धान्य तर गव्हाच्या शेतातलं तणच. गव्हाचं रूप घेत घेत ते पंक्तीला येऊन बसलं.

आता गवताकडे वळू. रानगव्हाच्या हजारो झाडांत एखादं झाड अभागी जन्मतं. त्याच्या एका जनुकात बारीकसा फरक असतो आणि पिकल्यावर त्याच्या कणसाचा कणा मोडतच नाही. दाणे तिथेच अडकून बसतात, पाऊस येतो, पाखरं येतात, आणि त्या झाडाचा वंश संपतो. रानाच्या दृष्टीनं हे व्यंग. पण विळा घेतलेली बाई उतारावर आली की हिशेब फिरतो. सुटणारे दाणे तिच्या हाताच्या धक्क्यानं खाली सांडतात, न सुटणारे तिच्या टोपलीत येतात. टोपलीतले काही पुढच्या वर्षी मातीत जातात. असं वर्षामागून वर्ष झालं आणि पांगळं कणीस राजा झालं. हे एका रात्रीत घडलेलं नाही. सुटणारी आणि न सुटणारी कणसं एकाच शेतात दोन-तीन हजार वर्षं शेजारी शेजारी डोलत होती. त्याची खूण अगदी बारीक असते. दाणा आपणहून निखळला तर सांध्यावरचा व्रण गुळगुळीत राहतो, मळणीत झोडपून तोडला तर फाटका, ओबडधोबड. दहा हजार वर्षांपूर्वी चुलीत पडून कोळसा झालेल्या कणसांवर हे व्रण भिंगाखाली आजही वाचता येतात.

गव्हानंच माणसाला माणसाळवलं, असं म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. वाक्य टाळीचं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. गवताचं काय गेलं ते त्यात येत नाही. ज्यानं लाखो वर्षं दवाच्या थेंबावर माती ओलांडली त्यानं आपले पाय माणसाच्या हाती दिले. आज शेतातला गहू कुणी कापला नाही तर उभ्या उभ्या कुजतो. त्याला स्वतःहून खाली उतरता येत नाही. दोघांनीही एकमेकांसाठी पाय गहाण टाकले. सोडवून घ्यायची बोली झालीच नव्हती.

माणसाच्या पायांचं काय झालं हे युफ्रेटिसच्या काठी अबू हुरैरा नावाच्या टेकाडात सापडलं. सीरियातलं तबकाचं धरण भरण्याआधी, 1972 आणि 1973 साली, अँड्र्यू मूर यांनी तिथे घाईघाईनं खोदकाम केलं. आता ते टेकाड पाण्याखाली आहे. खालच्या थरांत, सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी, एका जागी राहणारे शिकारी लोक होते. वसंतात गझेल हरणांचे कळप यायचे त्यांची शिकार करायची आणि उरलेले दिवस रानावर. दीडशेहून अधिक जातींच्या वनस्पतींचं बी त्यांच्या राखेत मिळालं. वरच्या थरांत शेतकऱ्यांचं मोठं गाव आहे आणि ताट आक्रसलेलं. दीडशे चवींच्या जागी मूठभर धान्यं आणि कडधान्यं.

त्या गावातल्या हाडांचा अभ्यास थेया मोलेसन यांनी केला. त्यांना एक विचित्र गोष्ट वारंवार दिसली. पायाचे अंगठे दुखावलेले, सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, कमरेचे शेवटचे मणके चुरगळलेले. बहुतेक हाडं बायकांची. कारण शोधताना त्या घरातल्या पाट्यापर्यंत पोहोचल्या. जातं यायला अजून हजारो वर्षं होती. दळण पाट्यावर व्हायचं. जमिनीवर गुडघे टेकायचे, पायाची बोटं खाली मुडपायची, दोन्ही हातांत दगड धरून अंगाचा सारा भार पुढे लोटायचा, मग मागे यायचं. दिवसाचे कितीतरी तास, मुलीपणापासून म्हातारपणापर्यंत. ज्या अंगठ्यानं डोंगर चढायचा तो जमिनीत रुतून दळणाचा टेकू झाला.

शेतीनं समाज घडवला असं आपण सहज बोलून जातो आणि डोळ्यांपुढे नगरं, राजे, देवळं येतात. माझ्या डोळ्यांपुढे हा अंगठा येतो. पुढच्या सगळ्या इमारतीचा पाया तोच. पहाटेच्या अंधारात, घरातलं कुणी उठायच्या आत, पीठ तयार हवं. आपल्याकडच्या बायकांनी जात्यावर बसून हजारो ओव्या रचल्या. त्या ओव्यांत माहेर आहे, विठोबा आहे, भाऊ आहे आणि फार थोड्या वेळा दुखणारी पाठ. पाट्यावर दळणाऱ्या बायका काय गात होत्या ते कळायला मार्ग नाही, पण तोंड मिटून इतकं दळण होत नसावं.

पिठाबरोबर पेज आली आणि पेजेबरोबर मुलं. फिरत्या आईला एक मूल चालू लागेपर्यंत दुसरं परवडत नाही. दोघांना काखेत घेऊन कोसच्या कोस कसं चालणार? म्हणून दोन बाळंतपणांत तीन-चार वर्षांचं अंतर असे. घर एका जागी आलं, मऊ पेज आली, बाळ अंगावरून लवकर सुटलं, आणि पाळणा दर दीड-दोन वर्षांनी हलू लागला. गावं भरली. पण दाटीच्या वस्तीत, त्याच त्या पाण्यावर, उंदरा-गुरांच्या सोबतीनं रोगही पोसले. जास्त मुलं जन्मली आणि जास्त मुलं गेली. शेतीच्या सुरुवातीच्या गावांत खणावं तिथे लहान हाडं निघतात.

पश्चिमेचं हे धान्य पूर्वेला निघालं. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या तोंडाशी मेहरगढला इसवी सनापूर्वी सात हजारच्या सुमारास सातू पिकत होतं. तिथून सिंधूचं खोरं, मग माळवा, नर्मदा, तापी. दख्खनला पोचायला त्याला आणखी पाचेक हजार वर्षं लागली आणि इथे पोचल्यावर एक पेच पडला. सातू आणि गहू थंडीतल्या पावसावर वाढलेली झाडं. इथे पाऊस पडतो आषाढ-श्रावणात, आणि थंडी कोरडी ठणठणीत. मार्ग काढला काळ्या मातीनं. ही माती चार महिने पाणी पिते, फुगते, आणि नंतर ते महिनोन् महिने धरून बसते. वर भेगा पडलेल्या असतात आणि हातभर खाली ओल. त्या ओलीवर, दवावर आणि हिवावर रब्बी उभी राहिली. दोन हवामानांतलं वैर एका मातीनं मिटवलं. दख्खनच्या काळ्या रानाला लोक काळी आई म्हणतात ते उगाच नाही.

(आज ज्या ज्वारी-बाजरीला आपण अस्सल इथल्या मातीची समजतो ती दोन्ही आफ्रिकेतून आलेली. इथला म्हणावा असा आपला हुलगा. दुष्काळी रानात, कुणी विचारत नसताना, निमूट येणारा.)

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव आहे. घोड सह्याद्रीतून उतरते, पर्जन्यछायेतल्या उघड्या माळांतून वाहते आणि भीमेला मिळते. गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजनं 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यामागची नावं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700, म्हणजे नऊशे वर्षं, इथे शेतकरी नांदले. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं पुष्कळसं या एका टेकाडानं सांगितलं.

घरं चौकोनी, मातीच्या बुटक्या भिंतींची, वर गवताचं छप्पर. आत चूल, धान्याचे बळद, कणगी ठेवायला मातीचे गोल ओटे. मुख्य पीक सातूचं. त्याबरोबर गहू, मसूर, वाटाणा, लाख, हुलगा, वाल. बोराच्या आठळ्याही पुष्कळ. शेत आलं म्हणून रान सुटलेलं नव्हतं. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या होत्या. लाल रंगावर काळ्या रेघांची तोटीची भांडी होती, टणटणीत भाजलेली. नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला आणि बांध घातला, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. असा पाट एकट्यादुकट्याचं काम नव्हे. कुणी किती खणायचं, पाणी आधी कुणाच्या रानात, यावर भांडणं झाली असणार, आणि भांडण मिटवणारा कुणीतरी लागला असणार.

तो कुठे राहत असेल याचा अंदाज घरांवरून येतो. वस्तीच्या मध्याला एक पाच खोल्यांचं घर निघालं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. वसुलीचं धान्य इथे साठत असावं, असा ढवळीकरांचा तर्क. मध्यभागी चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्यांची घरं, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारे, हस्तिदंतावर काम करणारे पश्चिमेच्या कडेला. ज्याच्या हाताला माती किंवा भट्टी त्याला वस्तीच्या टोकाला जागा. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाचा नकाशा पाहताना आजच्या कितीतरी गावांचे नकाशे आठवतात आणि बरं वाटत नाही. कोठारात धान्य शिल्लक राहिलं की त्याच्याभोवती माणसं लांब-जवळ बसू लागतात. बी-बियाणं सगळ्यांचं एक, पाऊस एक, आणि तरी.

या घरांच्या जमिनीखाली त्यांची माणसं होती. बहुतेक लहान मुलं. दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल. वर सारवलेली जमीन, आणि तिच्यावर रोजचा संसार. तुर्कस्तानातल्या चातालह्युयुकच्या शेतकऱ्यांनीही त्याआधी कितीतरी हजार वर्षं आपली माणसं घराच्या जमिनीखालीच ठेवली होती. घर सोडून न जाणाऱ्या लोकांना मरणही घराबाहेर पाठवावंसं वाटलं नाही.

मोठ्या माणसांना खड्ड्यात उत्तरेला डोकं करून निजवलेलं असे. आणि त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले असत. मेलेल्यानं उठून चालू लागू नये, भूत होऊन भटकू नये, गाव सोडून जाऊ नये म्हणून, असा या रीतीचा अर्थ लावला गेला आहे. मला तो पटतो. ज्या समाजानं चालणं सोडून बसणं पत्करलं, त्याची सगळ्यांत मोठी भीती कुणीतरी उठून निघून जाईल हीच असणार. रान कसायला माणूस हवा. बांध राखायला हवा. मेल्यावरसुद्धा हवा. कणसानं दाणा सोडायचा नाही आणि घरानं माणूस सोडायचा नाही.

त्या गावात एकाचे पाय मात्र शाबूत राहिले. पाच खोल्यांच्या त्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचं एक मोठं, फुगीर पोटाचं रांजणासारखं भांडं निघालं. त्यात चाळिशीतल्या एका पुरुषाचा सांगाडा होता, मांडी घालून बसवलेला, पाय न तोडलेला. आणि त्या भांड्याला चार पाय होते. तो गावचा प्रमुख असावा. बाकीच्यांचे पाय काढून घेणाऱ्या गावानं त्याच्या मडक्यालासुद्धा पाय दिले. सत्ता म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी वस्तू महाराष्ट्राच्या मातीतून निघाली असेल तर मी ती पाहिलेली नाही.

एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, मातीची एक झाकणाची पेटी होती. पेटीत कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती, शिर नसलेली. झाकणावर तशीच दुसरी, आणि शेजारी बैल. मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीलाही भोक. काडी घातली की ती बैलावर बसते. भाजलेली नाही, रंगवलेली नाही. पाण्यात ठेवली तर घटकाभरात विरघळेल. तिला डोकं का नाही याचे तर्क पुष्कळ झाले. मला ती घडवणाऱ्या बोटांचं नवल वाटतं. कुंभाराच्या भट्टीत टणटणीत मडकी भाजणाऱ्या गावात ही एक मूर्ती मुद्दाम कच्ची ठेवली. शेतात जी माती, तीच देवघरात, मध्ये आगीचा संस्कारही नको.

इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास हे सगळं विटायला लागलं. चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. गहू मागे पडला. राखेत धान्य कमी आणि हरणांची हाडं जास्त दिसू लागली. हवामान कोरडं होत गेलं, पाट आटला, म्हणून लोक अर्धे भटके झाले, अशी उत्खनन करणाऱ्यांची मांडणी होती. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या मुलांची हाडं नव्यानं तपासली. या उत्तरकाळातल्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना दिसल्या, पण सगळा दोष आभाळावर टाकायला त्या तयार नाहीत. जमिनीचा कस, वाढलेली तोंडं, माणसांचे आपसातले निर्णय, यांचाही त्यात वाटा असणार. एकाच रानातून पिढ्यान् पिढ्या घेत राहिलं आणि परत थोडं दिलं तर काळी आईसुद्धा कुठवर पुरेल? इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपास, म्हणजे सुमारे 2,700 वर्षांपूर्वी, ते गाव उठलं. ज्यांचे पाय तोडले होते ते तिथेच राहिले, जिवंत होते ते चालू लागले.

पण चालणारे सगळेच त्या दिवशी पहिल्यांदा चालत नव्हते. या मुलखात मेंढपाळ तेव्हाही असणार, आजही आहेत. दसरा-दिवाळीनंतर धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात, घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडी माघारी वळतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोंबड्यांशेजारी तान्हं मूल. वाटेतल्या गावांत पिकं निघून रानं मोकळी झालेली असतात. शेतकरी बांधावर येऊन उभा राहतो. त्याला मेंढरांची लेंडी हवी असते, धनगराला रात्रीचा मुक्काम आणि पोटाला धान्य. रान थांबलेल्याचं, खत चालणाऱ्याचं. एकाशिवाय दुसऱ्याचं भागत नाही आणि दोघांनाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून घासाघीस जोरात चालते.

"किती रात्री बसवता?"

"तीन बसवू. पायली पायलीनं जवारी द्या रोजची."

"पायली? अवो, मेंढरं किती, पायली कशाची?"

"मोजा की मग. हायेतच पुढ्यात."

शेतकरी मोजायला लागतो. मेंढरं जागेवर उभी राहत नाहीत, त्यामुळे आकडा दर वेळी वेगळा येतो.